आधी सांधा

रावपुऱ्यात, झेरॉक्सच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर
आम्ही सहा जण परमुलखातली पुस्तकं जुळवतो.
मला डच येत नाही.
डच शब्द कुठे तोडायचा, ते येतं.
बारा वर्षं झाली. पैसे पानामागे.

त्यांच्यात माणसाला एका दमात हाक मारतात:
आग, मनोरा, राखणदार,
मध्ये बोट घालायलाही फट नाही,
व्यूरटोरनवाख्टर.
समुद्राकाठी दिवा सांभाळणारा हा गृहस्थ
माझ्या ओळीत कधी मावत नाही,
एक खांदा दाराबाहेरच राहतो.
मग मी कापते: व्यूर-
टोरन-
वाख्टर.
आणि कापल्या जागी जी रेघ मारते
तिचं नाव संयोगचिन्ह.
कुणी ठेवलं असेल?

पहिल्या दिवशी दक्षेशभाई म्हणाले होते,
चहा बशीत ओतता ओतता,
"पहेलां सांधो जोवानो, बेन. अक्षर पछी."
आधी शिवण शोधायची, तिथेच उसवायचं.
शिवण नसेल तर मग स्वर मोजा,
आणि एकटं पडलेलं व्यंजन
पुढच्याच्या पदरात टाका.

सासूला ते म्हणतात स्खोनमूडर.
मूडर आई. स्खोन म्हणजे सुंदर.
घरी सांगितलं तेव्हा सासूबाई तूप कढवत होत्या.
"कोण, मी?" म्हणाल्या,
आणि बेरी करपली.

आता यंत्रच तोडतं. मी मागाहून नुसती नजर फिरवते.
मंगळवारी, पान दोनशे अकरा,
एका खेड्यातला मास्तर.
डॉर्प गाव. ऑन्डरवायझर शिक्षक.
आणि दोघांमध्ये एक एस,
ज्याला अर्थ नाही, लिंग नाही, वचन नाही,
नुसता डिंक.
यंत्राने पुढचा स्वर ऐकला
आणि एस त्याच्याकडे लोटला:
डॉर्प-
सॉन्डरवायझर.

यंत्राचं तरी काय चुकलं. स्वराने बोलावलं की व्यंजन जातंच.
पण तो एस गावाचा.
मास्तरांची बदली होते,
एस गावातच राहतो.
डॉर्प्स- असं करून पान परत पाठवलं.
रात्री तिकडून विचारणा आली:
बरोबर आहे. तुम्हाला आमची भाषा येते?
नाही, असं लिहिलं. पुढे काही लिहिलं नाही.

लिहिलं असतं तर हे, की
माहेरची मी जरीपटके. तिसरीत मंजुबेननी
फळ्याच्या काठाशी 'जरी' लिहून
'पटके' खाली उतरवलं,
आणि अख्ख्या वर्गात मराठी कळणारी दुसरी एकच,
उज्ज्वला दफ्तरदार,
ती ओरडली, "जरी पटके, तरी टोप्या!"
सातवीपर्यंत मी टोप्या होते.

सासरची पागनीस.
पागेचा हिशेब लिहायचे म्हणे, पणजे-खापरपणजे, सरकारात.
घोडे गेले, दाणा-वैरण गेली,
पागेच्या जागी कोचिंग क्लास आला.
एकसष्ट साली मामंजींनी दारावर पाटी करून घेतली.
पत्रा अरुंद, पेंटर आणंदचा,
अक्षरं हौसेने मोठी काढत गेला
आणि शेवटी बघतो तर

पागनी
स

रेघसुद्धा नाही.
कुरियरवाला पोरगा जिन्यातून हाक मारतो, "पागनीबेन!"
मी ओ देते.

बुधवारी सकाळी पेंटरचा नंबर लावला. व्यस्त होता.
सासूबाई म्हणाल्या, "कशाला? दूधवाल्याला जागा लागते ना."

खरंच आहे. त्या एकट्या स च्या शेजारी
हातभर पत्रा रिकामा आहे.
तिथे मी खडूने मांडते:
सोम दोन, मंगळ दीड,
बुध नाही.